मतपत्रिकेवर पक्ष नाही, मग काय आहे?

मे २०२३ मध्ये टेक्सासमधल्या डॅलस शहरात एरिक जॉन्सन दुसऱ्यांदा मेयर झाले. मतपत्रिकेवर त्यांच्याशिवाय दुसरं छापील नावच नव्हतं, त्यामुळे लढत नावापुरतीच. हे गृहस्थ पूर्वी डेमोक्रॅटिक पक्षाचे आमदार. निकालाला पाच महिनेही झाले नव्हते, तोच सप्टेंबरमध्ये त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून जाहीर केलं की आपण आता रिपब्लिकन झालो आहोत. शहरातले डेमोक्रॅट चिडले, पण करणार काय? राजीनामा नाही, पोटनिवडणूक नाही, पक्षांतरबंदीचा तर प्रश्नच नाही. त्यांच्या नावापुढे पक्ष कधी छापलाच नव्हता, मग कायद्याच्या नजरेत बदललं काय?

अमेरिकेतल्या सुमारे तीन चतुर्थांश शहरांत स्थानिक निवडणुका अशाच पक्षविरहित होतात. शिकागो, लॉस एंजेलिस, ह्यूस्टन, बॉस्टन, सिएटल, डेट्रॉइट, डेन्व्हर ही सगळी त्यात आली. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया हे मोठे अपवाद. न्यूयॉर्कमध्ये ब्लूमबर्ग मेयर असताना, २००३ साली, पक्ष वगळण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला आणि सपशेल आपटला. ‘पक्षविरहित’ या शब्दामुळे एक गैरसमज मात्र हमखास होतो. उमेदवार पक्षाचा सदस्य असू शकतो, आणि बहुतेक ठिकाणी पक्ष त्याला जाहीर पाठिंबा देऊ शकतो, त्याच्यासाठी पत्रकं वाटू शकतो. काढून घेतलेल्या गोष्टी दोनच: नावापुढचं पक्षाचं लेबल, आणि पक्षाने आपला उमेदवार ठरवण्याची स्वतंत्र प्रायमरी. सगळे इच्छुक एकाच यादीत उभे राहतात. एरवी ते लेबल मतदाराचं निम्मं काम करून टाकतं. ते नसलं की हे काम सह्यांच्या गठ्ठ्यापासून नावांच्या क्रमापर्यंत भलत्याच गोष्टींकडे जातं.

ही पद्धत आली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुधारकांकडून. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉलसारख्या पक्षयंत्रणा नोकऱ्या आणि कंत्राटं वाटून शहरं चालवत होत्या. कचरा उचलायची डेमोक्रॅटिक पद्धत वेगळी आणि रिपब्लिकन वेगळी असं काही नसतं, असा सुधारकांचा युक्तिवाद. तो चुकीचा नव्हता, पण त्यामागे एक अर्धवट लपवलेला हेतूही होता: स्थलांतरितांच्या वस्त्यांतून वर आलेल्या वॉर्डातल्या पुढाऱ्यांचं वजन कमी करणं. बॉस्टनने १९०९ साली नवी सनद, म्हणजे शहराच्या कारभाराचा मूळ कायदा, मंजूर करून पक्ष वगळले. त्यानंतर जानेवारी १९१० मध्ये झालेल्या पहिल्याच निवडणुकीत जिंकले कोण, तर जॉन फिट्झजेरल्ड, म्हणजे असाच एक वॉर्डातून वर आलेला आयरिश पुढारी आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या केनेडींचे आजोबा. लेबल गेलं तरी त्यांची माणसं गल्लीगल्लीत होतीच.

निवडणुकीची खरी सुरुवात मतपत्रिकेवर नाव येण्यापासून होते, आणि सगळ्यात जास्त उमेदवार इथेच गळतात. पक्षाची प्रायमरी नसल्यामुळे गाळणी म्हणून सह्या किंवा शुल्क वापरतात. बॉस्टनमध्ये मेयरपदासाठी ३,००० वैध सह्या लागतात, शिकागोत १२,५००. शिकागोचा हा आकडा फसवा आहे. १२,५०० गोळा करून जो अर्ज भरतो त्याचं नाव उडालंच म्हणून समजा, कारण शहरातला कोणीही नोंदणीकृत मतदार पाच कामकाजी दिवसांत अर्जावर हरकत घेऊ शकतो आणि मग एकेक सही नोंदणीच्या नमुन्याशी ताडून बघतात. मुरलेले कार्यकर्ते म्हणूनच दुपटी-तिपटीने सह्या आणतात. सह्या बाद होण्याची कारणं ठरलेली आहेत: सही करणारा शहराच्या हद्दीबाहेरचा, नोंदणी जुन्या पत्त्यावर, पूर्ण सहीऐवजी नुसतं छापील अक्षरांत नाव, नवरा-बायको दोघांच्या सह्या एकाच हाताच्या, किंवा त्याच माणसाने आधी दुसऱ्या उमेदवाराच्या अर्जावर सही केलेली. शेवटची अडचण अशी की ती सही घेताना दिसत नाही. बाजारात, रेल्वे स्टेशनबाहेर उभं राहून घेतलेल्या सह्यांपेक्षा मतदारयादी हातात घेऊन दारोदार घेतलेल्या सह्या जास्त टिकतात त्या यामुळेच.

एक सही गेली तर एकच जाते, पण कागदच चुकला तर अख्खं पान जातं. प्रत्येक पानाच्या तळाशी सह्या गोळा करणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र असतं आणि ते नोटरीसमोर करावं लागतं. नोटरीचा शिक्का राहिला की त्या पानावरच्या सगळ्या सह्या वादात. पानांना ओळीने क्रमांक हवेत, गठ्ठा बांधलेला हवा, आर्थिक हितसंबंधांचं विवरणपत्र दिल्याची पावती जोडलेली हवी. प्रतिस्पर्ध्याचे वकील आधी भाषणं ऐकत नाहीत, हे गठ्ठे चाळतात.

नियमाचं एकेक वाक्य कसं अंगावर येतं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण डेट्रॉइटचं. २०१३ साली माइक डगन यांनी अर्ज भरला. सनदेप्रमाणे अर्ज भरताना शहरात वास्तव्याला एक वर्ष पूर्ण झालेलं हवं होतं. अर्जाची मुदत मे महिन्याच्या मध्यापर्यंत होती, पण डगन यांनी तत्परता दाखवून एप्रिलच्या सुरुवातीलाच अर्ज दिला, तेव्हा त्यांच्या वर्षाला दोन आठवडे कमी होते. मुदतीच्या दिवशी दिला असता तर काही अडलं नसतं. कोर्टाने नाव काढून टाकलं. मग ते हाताने नाव लिहून मत द्यायच्या वाटेने उतरले. यात मतदाराला दोन गोष्टी कराव्या लागतात: रिकाम्या ओळीवर नाव लिहायचं आणि तिच्याशेजारचा गोल काळा करायचा. गोल राहिला तर यंत्राला मत दिसत नाही. भरीला, उच्चारात जवळजवळ तसंच नाव असलेला एक न्हावीही त्याच मार्गाने उभा राहिला. तरी ऑगस्टच्या प्रायमरीत, म्हणजे इथे सगळ्या उमेदवारांच्या एकत्र पहिल्या फेरीत, डगन पहिले आले, पण तिथेही कागद आडवा आला. मतमोजणी करणाऱ्यांनी हाताने लिहिलेल्या मतांची नोंद रेघा मारून न करता नुसते आकडे लिहून केली होती, म्हणून सुमारे २०,००० मतं बाद धरायची का यावर वाद झाला. राज्याच्या मंडळाने ती ग्राह्य धरली. नोव्हेंबरमध्ये डगन मेयर झाले.

उलट टोकाला मिनियापोलिस. तिथे २०१३ मध्ये सह्यांची अट नव्हती, शुल्क होतं २० डॉलर. ३५ उमेदवार उभे राहिले. पुढच्याच वर्षी मतदारांनी शुल्क वाढवून ५०० डॉलर केलं.

यादी तयार झाली की पुढचा प्रश्न गणिताचा, आणि माझ्या मते इथे शहराशहरातला फरक उमेदवारांमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. शिकागो, ह्यूस्टन, डॅलस, डेन्व्हर इथे पहिल्या फेरीत निम्म्याहून एक जरी मत जास्त मिळालं तरी काम संपलं, नाहीतर पहिल्या दोघांची पुन्हा निवडणूक, म्हणजे रनऑफ. बॉस्टन आणि सिएटलमध्ये पहिली फेरी ही फक्त चाळणी आहे. कितीही मतं पडोत, दोघं पुढे जातात. बॉस्टनमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये मिशेल वू यांना सुमारे ७२ टक्के मतं मिळाली, तरी नोव्हेंबरची लढत नियमाने उरलीच होती. दुसऱ्या क्रमांकावरच्या जॉश क्राफ्ट यांनी दोन दिवसांत माघार घेतली तेव्हा ती एकतर्फी झाली.

दोघांना पुढे नेणाऱ्या पद्धतीत सगळी मारामारी दुसऱ्या जागेसाठी असते. शिकागोत २०१९ मध्ये १४ उमेदवार होते. लोरी लाइटफूट जेमतेम साडेसतरा टक्क्यांवर पहिल्या आल्या आणि रनऑफमध्ये जवळजवळ तीन चतुर्थांश मतं घेऊन जिंकल्या. चार वर्षांनी त्याच लाइटफूट सुमारे १७ टक्के मतं घेऊन तिसऱ्या आल्या आणि घरी गेल्या. टक्केवारी जवळजवळ तीच होती, बाकीच्यांची वाटणी बदलली होती. त्या वेळी पॉल व्हॅलस ३३ टक्क्यांवर पहिले आणि ब्रँडन जॉन्सन २२ टक्क्यांच्या आसपास दुसरे होते. रनऑफमध्ये जॉन्सन सुमारे ५२ टक्क्यांनी निवडून आले. पहिल्या फेरीतली आघाडी हा रनऑफचा अंदाज नसतो. पहिल्या फेरीत मतदार आपला माणूस शोधतो, दुसरीत नको असलेला माणूस टाळतो.

मतविभागणीचा फटका बॉस्टनने २०२१ मध्ये पाहिला. वू यांना सुमारे ३३ टक्के, अनिसा इसाबी जॉर्ज यांना साधारण २२, आणि अँड्रिया कॅम्पबेल व किम जेनी या दोन कृष्णवर्णीय उमेदवारांना प्रत्येकी २० टक्क्यांच्या किंचित खाली. बेरीज ३९ च्या घरात, पण दोघींपैकी कोणीच पुढे गेलं नाही. जेनी तर तेव्हा हंगामी मेयरच्या खुर्चीत होत्या. पक्षाची प्रायमरी असती तर अशा वाटाघाटी बंद दाराआड झाल्या असत्या. पक्षविरहित पद्धतीत ‘तू माघार घे’ हे कोणी कोणाला सांगायचं, याला उत्तर नाही.

रनऑफ ठेवायची की नाही हा निव्वळ तांत्रिक प्रश्न वाटतो, पण शिकागो आणि मेम्फिस शेजारी ठेवून पाहा. शिकागोत १९८३ साली, पक्षीय पद्धत असताना, गोऱ्या मतांची जेन बर्न आणि रिचर्ड डेली यांच्यात फाळणी झाली आणि हॅरॉल्ड वॉशिंग्टन ३६ टक्क्यांवर डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकून शहराचे पहिले कृष्णवर्णीय मेयर झाले. पक्षविरहित, बहुमत सक्तीचं करणारी पद्धत आणण्याची धडपड त्यानंतरची. कायदा १९९५ मध्ये झाला आणि १९९९ पासून लागू आहे. मेम्फिसमध्ये नेमकं उलट घडलं. तिथली रनऑफ पहिल्या आलेल्या कृष्णवर्णीय उमेदवाराविरुद्ध गोऱ्या मतांना एकत्र यायची दुसरी संधी देते, म्हणून फेडरल कोर्टाने १९९१ मध्ये ती बंद केली. त्याच वर्षी विली हेरंटन अवघ्या १४२ मतांनी निवडून आले. त्यानंतर तिथे सगळ्यात जास्त मतं मिळतील तो मेयर, एवढाच नियम उरला, आणि त्यामुळे २०२३ मध्ये पॉल यंग सुमारे २८ टक्के मतांवर मेयर झाले.

सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड आणि मिनियापोलिस यांनी दुसरी फेरी पसंतीक्रमात गुंडाळली आहे. मतदार पहिली, दुसरी, तिसरी पसंती देतो. शेवटचा उमेदवार बाद करून त्याची मतं पुढच्या पसंतीकडे वळवतात. कोणीतरी अर्ध्याच्या पुढे जाईपर्यंत हेच चालतं. ओकलंडमध्ये २०१० साली डॉन पेराटा पहिल्या पसंतीत सुमारे नऊ टक्क्यांनी पुढे होते आणि शेवटी जीन क्वान निवडून आल्या, कारण बाकीच्यांच्या मतदारांची दुसरी-तिसरी पसंती त्यांच्याकडे वळली. २०२२ मध्ये पुन्हा तेच: पहिल्या पसंतीत लॉरेन टेलर पुढे, शेवटी शेंग थाओ ६७७ मतांनी विजयी. मतदाराच्या दोन चुका ठरलेल्या. दोन नावांना पहिली पसंती दिली की मत तिथेच बाद. आणि एकाच माणसाला सगळ्या पसंत्या दिल्या की त्याचं वजन वाढेल असं वाटतं, तेही चूक. तो बाद झाल्यावर त्या मतपत्रिकेचं पुढे काहीच होत नाही.

मतपत्रिकेवर काय छापलं जातं हे पक्ष नसताना फार महत्त्वाचं ठरतं. ज्याला कोणीच माहीत नाही असा मतदार वरच्या नावाकडे झुकतो. शिकागोत त्यासाठी अर्ज भरायच्या पहिल्या दिवशी सकाळी कार्यालय उघडण्याआधी रांग लागते. तेव्हा रांगेत असलेल्या सगळ्यांमध्ये पहिल्या स्थानासाठी चिठ्ठी काढतात. शेवटच्या दिवशी शेवटच्या तासात अर्ज देणाऱ्यांची चिठ्ठी तळाच्या स्थानासाठी, कारण लांब यादीत मधल्या नावांपेक्षा तळाचं नाव डोळ्यात भरतं. कॅलिफोर्नियात राज्याकडून मुळाक्षरांचीच सोडत निघते आणि नावं त्या उलटसुलट क्रमाने लागतात. तिथे नावाखाली जास्तीत जास्त तीन शब्दांत व्यवसायही छापतात. शिक्षिका, लहान उद्योजक, नगरसेविका. हे तीन शब्द म्हणजे लेबलाची उरलेली जागा, म्हणून त्यावर कोर्टकचेऱ्या होतात: धंदा खरोखर मुख्य आहे का, की निवडणुकीपुरता काढला?

लेबल छापलं नाही तरी मतदार ते शोधतोच, हे उमेदवारांना पक्कं ठाऊक असतं. लॉस एंजेलिसमध्ये बांधकाम व्यावसायिक रिक करूसो यांनी २०२२ ची मेयरपदाची शर्यत सुरू होताना आपली मतदार नोंदणी डेमोक्रॅट म्हणून करून घेतली. मतपत्रिकेवर पक्ष येणारच नव्हता. त्यांनी १० कोटी डॉलरहून जास्त खर्च केला, आणि तरी कॅरन बास सुमारे ५५ टक्के मतांनी जिंकल्या. शिकागोत २०२३ च्या रनऑफमध्ये दोघेही डेमोक्रॅट म्हणवत होते. मतदारांनी ओळखलं ते पाठिंब्यावरून: शिक्षक संघटना जॉन्सनच्या मागे, पोलीस संघटना व्हॅलसच्या मागे. जिथे एकच पक्ष वरचढ आहे तिथे संघटनाच पक्षाचं काम करतात, आणि कोणाचा पाठिंबा कोणाला हे बघणं भाषणं ऐकण्यापेक्षा जास्त उपयोगी.

पैशाचं वजन कमी करायचे दोन प्रयोग लक्षात ठेवण्यासारखे आहेत. डेन्व्हरमध्ये योजनेत सामील झालेल्या उमेदवाराला ५० डॉलरपर्यंतच्या वैयक्तिक देणगीवर शहर नऊपट रक्कम देतं, म्हणजे ५० चे ५०० होतात. सिएटलमध्ये मतदारांना प्रत्येकी २५ डॉलरची चार व्हाउचर मिळतात आणि ती सामील उमेदवारांना द्यायची. सही आणि तारीख नसलेलं व्हाउचर चालत नाही, आणि एकदा दिलं की परत घेता येत नाही. ग्रीन कार्डवर राहणाऱ्यांना मत देता येत नाही, पण ही व्हाउचर त्यांनाही मिळू शकतात, आणि अनेकांना याची कल्पनाच नसते.

तारीख हाही एक अदृश्य उमेदवार. विषम वर्षी, वसंत ऋतूत मेयरची निवडणूक घेतली की राष्ट्राध्यक्षांच्या गदारोळापासून ती सुटते, पण मतदारही सुटतो. लॉस एंजेलिसने २०१५ मध्ये सनद दुरुस्त करून सम वर्षं स्वीकारली. सांधा जुळवण्यासाठी २०१७ मध्ये निवडून आलेल्या एरिक गार्सेटी यांना साडेपाच वर्षांची मुदत मिळाली. २०१७ मध्ये मतदान २० टक्क्यांच्या आसपास होतं. २०२२ मध्ये एकूण मतं दुपटीहून जास्त झाली.

मतदान करण्याआधी एक गोष्ट शहराच्या सनदेत बघून घ्यावी: मेयरच्या हातात आहे काय? ह्यूस्टनमध्ये मेयर प्रशासन स्वतः चालवतो. डॅलस आणि सॅन अँटोनियोत कारभार कौन्सिलने नेमलेला सिटी मॅनेजर बघतो. मेयरचं मत डॅलसमध्ये १५ पैकी एक, सॅन अँटोनियोत ११ पैकी एक. २०२५ मध्ये सॅन अँटोनियोच्या त्या एका मतासाठी २७ जण उभे होते. तिथला उमेदवार ‘पोलीसप्रमुख बदलीन’ म्हणाला तर तो अधिकार मॅनेजरचा आहे हे विसरून बोलतोय, किंवा मतदाराला माहीत नाही असं धरून चाललाय.

राहिली मोजणी. टपालाने मतदान होणाऱ्या शहरांत निकालाच्या रात्रीचा आकडा अर्धवट असतो. वॉशिंग्टन राज्यात मतदानाच्या दिवसाचा टपाल शिक्का असलेलं मत नंतर पोचलं तरी धरतात. उशिरा टाकलेली मतं बहुधा तरुणांची असतात. सिएटलमध्ये नोव्हेंबर २०२५ मध्ये पहिल्या रात्री तेव्हाचे मेयर ब्रूस हॅरेल स्पष्ट आघाडीवर होते; रोज संध्याकाळी नवे आकडे येत गेले, आघाडी आटत गेली, आणि आठवडाभराहून जास्त दिवसांनी केटी विल्सन सुमारे २,००० मतांनी पुढे राहिल्या. इतक्या कमी फरकात लिफाफ्यावरची सही निर्णायक ठरते. ती नोंदणीच्या सहीशी जुळली नाही तर मतदाराला पत्र जातं, शक्य असेल तर फोन किंवा मेसेजही. निकाल प्रमाणित होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत फॉर्म भरून सही दुरुस्त करता येते. प्रमाणपत्र मतदानानंतर २१ दिवसांनी निघतं. म्हणून मतदानाच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंचे स्वयंसेवक अडकलेल्या मतदारांची यादी घेऊन दारावर येतात. यादीत नाव असतं, पत्ता असतो, आणि मत कोणाला दिलंय हे मात्र त्यांना अंदाजानेच ओळखावं लागतं.